थर्टी-नॉट-सिक्स, दहा महिन्यांनंतर: आधी दुर्बिणीत डोकावून बघा

गेल्या आठवड्यात कपाट उघडून माझ्या थर्टी-नॉट-सिक्स रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला, तर समोरच्या माडावर कोळ्याचं जाळं. पंच्याने काच पुसली. जाळं तिथंच. दुसऱ्या टोकाची काच पुसली, तरी तिथंच. मग लक्षात आलं की जाळं काचेच्या आत आहे आणि ते कोळ्याचं नाही. बुरशी.

नळीची लांबी, वजन वगैरे कुठेही वाचायला मिळेल, ते लिहीत बसत नाही. ज्यांच्या घरात वडिलांची .३१५ रायफल आहे आणि 'आता काहीतरी नवं घेऊ' असं ज्यांच्या डोक्यात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याही डोक्यात ते दोन वर्षं घोळत होतं.

आमचे आबा, म्हणजे वडील, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. बेळगावच्या सेंटरला रिक्रूट असताना त्यांच्या हातात पहिली आली ती थ्री-नॉट-थ्री, म्हणजे फौजी लीएनफिल्ड रायफल. पेन्शनीवर गोव्यात, सत्तरी तालुक्यात परत आल्यावर १९७९ साली त्यांनी परवाना काढला, पण थ्री-नॉट-थ्री ही लष्करी बोअर (नळीचं माप), ती तुम्हाआम्हाला मिळत नाही. मिळते ती तिची धाकटी बहीण .३१५, ईशापूरच्या कारखान्यातली. सांगाडा त्याच फौजी लीएनफिल्डचा, फक्त गोळी वेगळी आणि मॅगझिन दहाऐवजी पाच गोळ्यांचं. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) तोच, पुढे ढकलताना कॉक होणारा, म्हणजे घोडा ताणला जाणारा. आबांना तेवढं पुरेसं होतं. हाताला सवय त्याच बोल्टची होती.

मी नवी, म्हणजे थर्टी-नॉट-सिक्स, घेतली ती जानेवारी २०२४ मध्ये. परदेशी बनावटीची, एका नेमबाजाने डीलरमार्फत विकायला काढलेली, वापर अगदी कमी. फायबरचा बट (दस्ता), वर दुर्बीण. परवान्यावर तेव्हा आबांची .३१५ आणि आजोबांची बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, होती. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. म्हणजे एक काढणं भाग. .३१५ ला डीलरने सांगितलेल्या किमतीत बरी म्हैस आली नसती, म्हणून बारा बोअर धाकट्या भावाच्या परवान्यावर चढवली. ही माझी पहिली चूक. ती कशी, ते पुढे.

पहिले दोन महिने मी खूश होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. परवान्याची हद्द महाराष्ट्रापर्यंत वाढवून घेतली (त्या कचेरीत मारलेल्या खेपा वेगळ्याच) आणि घाटावरच्या एका नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही रायफली नेल्या. शंभर मीटरवर पाच गोळ्या. नवीच्या पाचही चहाच्या बशीखाली झाकल्या गेल्या. आबांच्या .३१५ ला जेवणाचं ताट लागलं असतं. ट्रिगर तर लोण्यासारखा. जुनीचा ट्रिगर आधी थोडा येतो, थांबतो, मग सुटतो. फौजी माणसाला ते आवडतं, मला कधीच जमलं नाही. आणि त्याच दिवशी .३१५ मध्ये तिसरं काडतूस चेंबरमध्येच अडकलं. एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग मोडली होती. साफसफाईची सळई पुढून घालून रिकामं काडतूस बाहेर काढावं लागलं आणि रेंजवरची दोन पोरं हसली. तिथंच ठरवलं, घरी गेल्यावर हिला विकायची.

मार्चच्या मध्याला लोकसभेची आचारसंहिता लागली. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना पुढचं माहीत आहे. दोन्ही रायफली ठाण्यात जमा. गोव्यात मतदान ७ मे ला झालं, मोजणी ४ जूनला, आणि माझ्या हातात रायफली आल्या जूनच्या मध्यावर. म्हणजे दहा महिन्यांच्या या अनुभवातले तीन महिने सरकारी खोलीतले. आणल्या त्या दिवशी पाऊस असा की वाळपईहून केरीपर्यंत वायपर थांबला नाही. .३१५ वर गंजाचे चार ठिपके होते. पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) चिंधी लावून दोनदा ओढली, वरून शिलाई मशीनचं तेल फिरवलं, विषय संपला. नवी बाहेरून चकचकीत होती. फायबरला काय होणार! मीही तिच्याकडे बघून समाधानाने मान हलवली.

दुर्बिणीच्या आत काय शिजतंय, हे मी बघितलंच नाही.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर चपलांना बुरशी येते, पट्ट्यांना येते, आबांच्या फोटोच्या चौकटीला मागून येते. रायफलीच्या चामडी स्लिंगला तर दर आठवड्याला हिरवी लव. पण ती पुसता येते. दुर्बिणीची कंपनी लिहिते की आत वायू भरून ती बंद केली आहे, ओल शिरणार नाही. असेल. माझी दुसऱ्या हाताची, तिची कुठली रबरी कडी किती सैल झाली होती हे विकणाऱ्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. चवथीनंतर कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावला, चोवीस तास. वीजबिल आलं तेव्हा हिने विचारलं, "कपाटात कोंबडीची अंडी उबवताय की काय?" सिलिका जेलच्या पुड्या आणल्या, तांदळाच्या डब्यात दुर्बीण ठेवून झाली. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ करायचा जो आकडा सांगितला, तेवढ्यात अर्ध्या कुळागराला (सुपारीच्या बागेला) कुंपण झालं असतं.

तुम्ही म्हणाल, दुर्बीण काढून ठेव आणि साध्या साइटवर, नळीवरच्या नेम धरायच्या खुणांवर, मार. तेच तर दुखणं आहे. या रायफलीला साधी साइटच नाही! फोरसाइट नाही, बॅकसाइट नाही, नळी वरून गुळगुळीत. दुर्बीण आंधळी झाली की लाखाची वस्तू म्हणजे वजनदार काठी. आबांच्या रायफलीवर पुढे लोखंडाचं पातं आणि मागे एक खाच आहे. त्यात बुरशी येईल अशी जागाच नाही. पंचेचाळीस वर्षांत त्या खाचेवर एक पैसा खर्च झालेला नाही.

आणि नवी म्हणजे किती नवी, हेही एकदा बघा. थर्टी-नॉट-सिक्समधला 'नॉट-सिक्स' म्हणजे १९०६ साल, अमेरिकन सैन्याने ती गोळी घेतली ते वर्ष. थ्री-नॉट-थ्रीचं ते प्रसिद्ध मार्क थ्री मॉडेल १९०७ चं. म्हणजे मी जुनं फौजी सोडून नव्याकडे गेलो, तो एका वर्षाने मागेच गेलो. ती आपल्या फौजेची नेहमीची गोळी नव्हती म्हणून आपल्याला मिळते, एवढाच फरक. शिवाय .३१५ ची गोळी खडकीच्या कारखान्यातली, बहुतेक वेळा मिळते. थर्टी-नॉट-सिक्ससाठी डीलरला तीन फोन केले, तिन्ही वेळा "पुढच्या महिन्यात". खांद्याला दणकाही जास्त, तो माझ्या वयात आठवणीत राहतो.

आता त्या पहिल्या चुकीबद्दल. रानडुकरं सुपारीच्या रोपांत शिरतात, माकडं नारळ फोडतात. डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी लागते, ती माझ्याकडे नाही आणि मी मागितलेलीही नाही. हाकलायला मोठा आवाज पुरतो, आणि त्या कामाला रायफल निरुपयोगी. तिची गोळी कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही, पलीकडे वस्ती आहे. त्या कामाची होती ती बारा बोअर. ती आता अंगणापलीकडे भावाच्या घरी आहे आणि कायद्याने मला तिला हात लावता येत नाही. रात्री डुकरं आली की मी भावाला हाक मारतो. तो गाढ झोपतो.

मार्चमध्ये "जुनी विका, नवी घ्या" असं चार जणांना सांगितलं होतं. ते मागे घेतो. कोरड्या मुलखात राहत असाल, रेंज जवळ असेल आणि शंभर मीटरवर बशी झाकायची हौस असेल, तर नवीसारखी नाही. इथं, तीन-चार महिने भिंतीतून पाणी पाझरणाऱ्या घरात, मला खाच-पात्यावालीच बरी. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग डीलरच्या जुन्या मिस्त्रीने दीडशे रुपयांत बसवून दिली. गोळ्या भरताना वरच्या गोळीचं कडं खालचीच्या पुढे ठेवायचं, हे आबांनी शिकवलेलं मी रेंजवर विसरलो होतो, तेही त्याने पुन्हा दाखवलं. तेव्हापासून एकदाही अडकलेली नाही.

थर्टी-नॉट-सिक्स डीलरकडे विकायला लावली आहे. येणारा प्रत्येक जण आधी दुर्बिणीत डोकावतो आणि किंमत पाडतो. दुर्बीण वगळून विकायचं म्हटलं, तर साइट कुठे आहे म्हणून विचारतो. बल्ब काढला आहे. विकली गेली की भावाशी बोलायचं आहे. मात्र बारा बोअर परत द्यायचे तो किती मागेल, ते देवच जाणे.