स्टेपनी की पंक्चर किट, मेंबरशिप की अवजारं? मोटरहोम घेऊन निघण्याआधी

गाडी वाटेत बंद पडली तर लागणारं, कारच्या डिकीत असतं तेच सामान मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, टाकलं की झालं, असं समजून बरेच जण निघतात. पण कार दीड टनाच्या आसपास, तर लहानसं मोटरहोमसुद्धा तीन-साडेतीन टनांचं. कारचा जॅक त्याच्यापुढे खेळण्यातला. कार उचलणारी क्रेन त्याला हात लावत नाही. उंची तीन मीटरच्या घरात, म्हणजे दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायचं म्हटलं तरी वाटेतल्या प्रत्येक पुलाचा हिशेब करावा लागतो.

एक चैन मात्र कारवाल्याकडे नसते, ती तुमच्याकडे असते. मागे पलंग आहे, पाणी आहे, चहा करता येतो. म्हणजे मदत येईपर्यंत थांबणं तुम्हाला परवडतं. म्हणून पुढची प्रत्येक निवड करताना मी आधी बघतो की त्या प्रसंगी थांबता येईल का. येत असेल तर स्वतः दुरुस्ती करण्याच्या सामानावर फार पैसे घालत नाही. येत नसेल तिथे हात आखडता घेत नाही.

स्टेपनी की पंक्चर किट

हल्ली अनेक मोटरहोम स्टेपनीशिवायच येतात. तिच्या जागी सीलंटची, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली आणि हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर. गाडीचं वजन वाचतं, जागा वाचते. खिळा गेला, भोक बारीक आहे आणि तेही रस्त्याला टेकणाऱ्या भागात, तर किट काम करतं. टायरची बाजू फाटली किंवा टायर फुटला, तर ती बाटली म्हणजे नुसतं ओझं.

आणि मोटरहोमचा टायर अनेकदा बाजूनेच दगा देतो. ही गाडी वर्षातले कित्येक महिने एकाच जागी उभी असते, तीही भरलेली. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून म्हातारं झालेलं असतं. त्यात हवा थोडी कमी, वर सामान थोडं जास्त; तासभर पळाल्यावर टायर तापतो आणि जातो. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या खुणेच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. ३४१९ असेल तर तो २०१९ च्या ३४ व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवावा, आणि दहा वर्षं झालेला टायर कितीही छान दिसत असला तरी काढून टाकावा.

त्यामुळे माझं मत स्टेपनीला, स्वतःला चाक बदलता येत नसलं तरीही. मदतीला येणाऱ्या माणसाकडे जॅक असतो, पाने असतात, हातात जोर असतो. तुमच्या मापाचा टायर मात्र त्याच्याकडे नसतो. स्टेपनी असेल तर दोन-तीन तासांत सुटका होते. नसेल तर दोन दिवसही लागू शकतात.

मग जॅक ठेवायचा का? मी ठेवला होता, भारीतला बॉटल जॅक. पहिल्यांदा गरज पडली तेव्हा रस्त्याकडेची माती पावसाने भिजलेली. दांडा हलवत गेलो तसा गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली गेला, बुडाची तबकडी दिसेनाशी होईपर्यंत. तो सोडला आणि आधी नट सैल करावेत म्हणून पाना लावला, तर नट हवेच्या गनने आवळलेले. पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो. नट जागचा हलला नाही, दांडा वाकला. शेवटी फोन केला. आलेल्या माणसाने जॅकखाली जाड फळी घातली, त्याच्या पान्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि एका हाताने नट सोडवला. आता माझ्याकडे फळी आहे, पाइपही आहे. पण खरं सांगायचं तर जॅक त्यांनीच घ्यावा जे घरी, कडक सपाट जमिनीवर एकदा पूर्ण चाक उतरवून पुन्हा चढवून बघतील. बाकीच्यांनी ते वजन वाचवावं. चाक कोणीही बदललेलं असो, साधारण ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे आवळण्याच्या जोरालाच.

हवा बघायला साधा गेज की सेन्सर? मागे जोडचाकं असतील तर डोळे मिटून सेन्सर घ्या. जोडीतल्या एका टायरची हवा गेली की सगळा भार शेजारचा उचलतो आणि स्टिअरिंगला काही जाणवतच नाही. चारच चाकं असतील तर चांगला गेज आणि निघायच्या दिवशी सकाळी थंड टायरवर हवा बघायची सवय, एवढं पुरतं.

बॅटरी उतरली तर

इथे पर्याय तीन. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची जंपर केबल स्वस्त आणि न बिघडणारी, पण थांबून मदत करणारी दुसरी गाडी हवी. शिवाय डिझेल इंजिनाला सेल मारायला करंट जास्त लागतो; बाजारातल्या बारीक केबल नुसत्या गरम होतात. जंप स्टार्टर म्हणजे आधी चार्ज करून ठेवायचा, गाडी सुरू करून देणारा डबा; त्याला कोणाची गरज नाही. पण उन्हात डॅशबोर्डवर पडून राहिला तर खराब होतो, आणि वर्षभर चार्ज न करता ठेवला तर ऐन वेळी तोच उतरलेला निघतो.

तिसरा पर्याय गाडीतच असतो आणि लोक तो विसरतात: घराची बॅटरी, म्हणजे मागच्या राहत्या भागाला वीज देणारी. काही गाड्यांत दोन्ही बॅटऱ्या क्षणभर जोडणारं बटण असतं. ते आहे का, हे आज बघून ठेवा, त्या रात्री टॉर्च तोंडात धरून नको. बटण नसेल तर आपल्या मनाने वायर जोडू नका. घराची बॅटरी हळूहळू वीज द्यायला बनवलेली असते, सेल मारायला नाही, आणि लिथियम असेल तर तिचं संरक्षक सर्किट मध्येच बंद पडू शकतं.

मी जंप स्टार्टर निवडला, डिझेलला झेपणारा, आणि दर तीन महिन्यांनी चार्ज करायची आठवण फोनमध्ये लावली. ही शिस्त आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल तर जाड केबल बऱ्या. केबल लावताना शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीवर लावायचं नाही, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याच्याजवळ नको.

मेंबरशिप की विम्यातली मदत

विम्याबरोबर मिळणारी रस्त्यावरची मदत बरी वाटते, कारण ती आधीच खिशात असते. पण ती बहुधा कार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. अशा मदतीची स्वतंत्र मेंबरशिप महाग, पण त्यात मोठ्या गाड्यांचा वर्ग वेगळा असू शकतो. जाहिरात वाचून ठरवू नका, फोन करा. गाडीचं भरलेलं वजन, लांबी, उंची सांगा आणि विचारा: ही उचलाल का? चिखलात रुतली तर बाहेर ओढाल का, की ते तुमच्या कामात येत नाही? जवळच्या गॅरेजला सोडाल की मी सांगेन तिथे? व्हॅन घेऊन स्वतः बांधलेलं मोटरहोम असेल तर तेही सांगा. अशा गाड्या नियमांतून सहज निसटतात. उत्तर लेखी मागा. लेखी द्यायला तयार असेल तो घ्यावा, मग तो स्वस्त असो की महाग. मात्र जॅक न ठेवणाऱ्यांनी यात काटकसर करू नये.

जिथे थांबता येत नाही

आग. एक किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण दहा सेकंदांत रिकामा होतो आणि बंद गाडीत एवढा धुरळा उडतो की दार दिसत नाही. कढईतल्या पेटलेल्या तेलावर फायर ब्लँकेट, म्हणजे आग झाकून विझवायचं न जळणारं कापड, कितीतरी चांगलं. तेव्हा यात 'हे की ते' नाहीच: ब्लँकेट शेगडीपासून हात पोचेल इतक्यावर, सिलिंडर दाराजवळ. सिलिंडर आग विझवायला कमी आणि बाहेर पडायची वाट मोकळी करायला जास्त.

गॅसचा अलार्म की कार्बन मोनॉक्साइडचा? दोन्ही, आणि वेगवेगळे. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो; त्याचा अलार्म खाली हवा. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून पसरतो. त्याचा अलार्म झोपताना नाक असतं त्या उंचीला. दोन्ही कामं करणारा एकच डबा विकतात, पण तो कुठेही लावला तरी एका वायूसाठी चुकीच्याच जागी असतो.

आणि रस्ता. ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. त्रिकोण ५० मीटरवर ठेवला तर मागच्याला दोन सेकंद मिळतात. वेगवान रस्त्यावर त्रिकोण ठेवायला चालत जाणंच जिवावर बेतू शकतं. काही देशांत तिथे तो ठेवू नका असंच सांगितलं जातं. अशा वेळी चमकणारे दिवे, चारही इंडिकेटर आणि अंगात चमकदार जॅकेट. जॅकेट चालकाच्या सीटमागे हवं, मागच्या कप्प्यात नाही. ते आणायला उतरतानाच त्याची गरज असते. वर थांबण्याची चैन म्हणालो ती गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला असेल तरच. घराच्या भागाच्या भिंती पातळ असतात, ट्रकची धडक त्या अडवत नाहीत. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर, अडकलात तर चहा विसरा, रहदारी नाही त्या बाजूने उतरा आणि कठड्यापलीकडे जाऊन थांबा.

हे सगळं घेतलं की गाडीचं वजन वाढतं. एकट्या स्टेपनीचंच पंचवीस-तीस किलो. मर्यादा आधीच गाठली असेल तर पाण्याची टाकी भरून निघण्याची सवय सोडा. टाकी १०० लिटरची असेल तर अर्धी ठेवल्याने ५० किलो सुटतात.