सामायिक नद्यांची बातमीदारी: कार्यशाळा, ऑनलाइन, फेलोशिप की दोन्ही काठांचं प्रशिक्षण?

हवामान बदल आणि सामायिक पाणी, म्हणजे एकाहून अधिक देशांतून वाहणाऱ्या नद्या, या विषयावर पत्रकारांसाठी आज प्रशिक्षणांची वानवा नाही. तीन-चार दिवसांच्या निवासी कार्यशाळा होतात, फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम मिळतात, काही महिने चालणाऱ्या फेलोशिप आहेत, आणि नदीच्या दोन्ही काठांवरच्या बातमीदारांना एकत्र बसवणारे उपक्रमही आहेत. अर्ज करणाऱ्याला आणि त्याला रजा देणाऱ्या संपादकाला यातून एकच निवडायचं असतं, आणि माहितीपत्रकं सगळी एकसारखी दिसतात.

माझं मत आधीच मांडतो. व्याख्यात्यांची यादी बघून ठरवू नका. पलीकडच्या काठावरचा माणूस आणि पलीकडच्या काठाचा आकडा, या दोन गोष्टी ज्यातून हाती लागतील ते प्रशिक्षण निवडा. जगात एकाहून अधिक देशांत पसरलेली नद्या-सरोवरांची खोरी ३००हून अधिक आहेत, पण त्यांच्या बातम्या बहुतेक वेळा एकाच राजधानीतून लिहिल्या जातात. वरच्या देशाचा बातमीदार ‘आमच्या हक्काचं पाणी’ लिहितो, खालच्या देशाचा ‘आमचं पाणी अडवलं’ लिहितो, आणि नदीत त्या आठवड्यात नेमकं किती पाणी होतं हे दोघांच्याही वाचकांना कळत नाही.

निवासी कार्यशाळा

कार्यशाळेची खरी ताकद करार वाचायला शिकवण्यात आहे. १९९६चा भारत-बांगलादेश गंगा करार घ्या. १ जानेवारी ते ३१ मे या काळात गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याशी दर दहा दिवसांचा प्रवाह मोजला जातो आणि त्यावरून वाटा ठरतो. प्रवाह ७० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मा-निम्मा. ७० ते ७५ हजारांच्या मध्ये असेल तर बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेला भारताला. ७५ हजारांच्या वर गेला तर भारताला ४० हजार आणि बाकीचा बांगलादेशाला. त्यातही ११ मार्च ते १० मे या टंचाईच्या दिवसांत एका दहा दिवसांत एका देशाला, पुढच्या दहा दिवसांत दुसऱ्याला असे ३५ हजार क्युसेक आळीपाळीने हमखास मिळायचे, अशी तरतूद आहे.

हे सूत्र हाती देऊन चांगला प्रशिक्षक बातमीदाराला विचारतो: प्रवाह ६० हजारांवर आला आणि या दहा दिवसांत हमी समोरच्या देशाची असेल, तर तुमच्या वाट्याला किती? पंचवीस हजार. हे गणित ज्याने एकदा स्वतः कागदावर केलं, तो ‘पाणी पळवलं’ असा मथळा देण्याआधी थांबतो. कराराची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. त्यामुळे हा धडा नुसता पुस्तकी नाही.

कार्यशाळा कमी पडते ती नंतर. समूहचित्र निघतं, प्रमाणपत्र मिळतं, आणि सोमवारी तोच बातमीदार पुन्हा महापालिकेच्या बैठकीला बसलेला असतो. बातमी लिहूनच घ्यायची अशी अट नसलेली कार्यशाळा विषयाची गोडी लावते, हात तयार करत नाही. पाण्याचा बीट, म्हणजे पाण्याच्या बातम्यांची नेमून दिलेली जबाबदारी, आधीपासून सांभाळणाऱ्याला मात्र ती फार उपयोगी पडते. त्याच्याजवळ प्रश्न तयार असतात, तीन दिवसांत तो जलशास्त्रज्ञाला गाठून ते सोडवून घेतो.

ऑनलाइन अभ्यासक्रम

पाया पक्का करायला उत्तम, आणि रजा न मिळणाऱ्या स्ट्रिंगरला (बातमीमागे मानधन घेणाऱ्या अर्धवेळ बातमीदाराला) बहुधा एवढाच मार्ग मोकळा असतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या अहवालात शक्यतेच्या पायऱ्यांना टक्केवारी ठरवून दिलेली असते, ६६च्या वर, ९०च्या वर, ९९च्या वर. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. सेंटिनेल आणि लँडसॅट उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. असल्या गोष्टी घरी बसून, रात्री जागून शिकता येतात आणि शिकाव्यातच. पण पडद्यासमोर बसून ओळखी होत नाहीत, आणि तुमचा मसुदा कुणी खोडत नाही.

फेलोशिप

इथे मी सविस्तर थांबणार आहे, कारण हवामान आणि पाणी यांची सांगड घालण्यातल्या चुका व्याख्यानात उमजत नाहीत. त्या स्वतःच्या मसुद्यावर मार्गदर्शकाची लाल खूण पडते तेव्हा उमजतात.

चीनमधून आग्नेय आशियात उतरणाऱ्या मेकाँग नदीचं उदाहरण बघा. २०१९मध्ये खालच्या खोऱ्यात पाणी विक्रमी नीचांकाला गेलं आणि बहुतेक बातम्यांनी अल् निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापण्याची घटना), हवामान बदल आणि दुष्काळ एवढ्यावर भागवलं. २०२०मध्ये उपग्रहाच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास आला. त्याचं म्हणणं असं की वरच्या, चीनमधल्या खोऱ्यात पाण्याची तूट नव्हती, पाणी धरणांत अडवलं गेलं. चीनने तो फेटाळला. बातमीदाराने काय लिहायचं? पाऊस कमी झाला हेही खरं, धरणं आहेत हेही खरं. दोन्हींचा वाटा वेगळा काढायला वेळ लागतो, दोन-तीन शास्त्रज्ञांशी बोलावं लागतं, कच्चे आकडे मागावे लागतात. फेलोशिप विकत घेते तो हा वेळ.

दुसरं उदाहरण पाकिस्तानातल्या २०२२च्या पुराचं. ‘एक तृतीयांश देश पाण्याखाली’ हे वाक्य जगभर छापलं गेलं. उपग्रहचित्रांवरून निघणारं बुडालेलं क्षेत्र एक दशांशाच्या आसपास होतं. आपत्ती तेवढ्याने लहान होत नाही, पण फुगवलेला आकडा उघडा पडला की खऱ्या नुकसानीवरही लोक शंका घेतात. त्याच पुराबद्दल वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाने सिंध-बलुचिस्तानातला पाच दिवसांचा अतिपाऊस तापमानवाढीमुळे ५० टक्क्यांपर्यंत तीव्र झाला असावा असं म्हटलं, आणि या अनुमानात अनिश्चितता मोठी आहे हेही सांगितलं. ‘पर्यंत’ आणि ‘असावा’ न गाळता वाचनीय बातमी लिहिणं, हे कसब मार्गदर्शकाशिवाय येताना मी क्वचितच पाहिलंय.

आफ्रिकेतल्या चाड सरोवराचंही तेच. ते नव्वद टक्के आटलं हे १९६०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंतचं वास्तव. त्यानंतर ते काहीसं सावरलं आहे, तरी जुनंच वाक्य आजच्या बातमीत चिकटवलं जातं. मूळ आकडा कोणत्या सालचा, हे विचारण्याची सवय चांगली फेलोशिप लावते.

सरकार आकडे देत नसेल तेव्हाही हा वेळ कामी येतो. भारतात गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतल्या प्रवाहाच्या नोंदी गोपनीय वर्गात मोडतात. अशा ठिकाणी २०२२च्या डिसेंबरमध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह नद्यांची पाणीपातळी अवकाशातून मोजतो, आणि त्याची माहिती खुली आहे. ती हाताळायला शिकणं एका दुपारचं काम नाही.

अडचणीही आहेत. अर्ज बहुधा इंग्रजीत मागतात, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचे उत्तम बातमीदार पहिल्या चाळणीतच गळतात. हे मला मनापासून सलतं, कारण नदीजवळ राहणारे तेच असतात. इंग्रजीत अर्ज लिहून द्यायला संपादकाने किंवा सहकाऱ्याने बसावं, यात कमीपणा नाही.

दोन्ही काठांचं प्रशिक्षण

सगळ्यात अवघड, आणि जमलं तर सगळ्यात टिकाऊ. नाइलच्या खोऱ्यात ‘इन्फोनाइल’सारखं जाळं वेगवेगळ्या देशांच्या बातमीदारांना एकाच विषयावर काम करायला लावतं. १९५९च्या कराराने इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर पाणी दिलं. इथिओपिया त्या करारात नव्हताच, आणि नाइलच्या ब्लू नाइल या मोठ्या शाखेचा उगम मात्र त्याच्याच डोंगरांत. हेच आकडे कैरोत हक्क म्हणून छापले जातात, आदिस अबाबात अन्याय म्हणून. दोन बातमीदार एका टेबलावर, एकाच तक्त्यासमोर बसले की निदान तक्त्याबद्दल वाद उरत नाही.

जोखीम खरी आहे. व्हिसा नाकारला जातो, आणि घरी परतल्यावर ‘शत्रूची भाषा बोलतो’ असा शिक्का बसू शकतो. एप्रिल २०२५मध्ये भारताने पाकिस्तानबरोबरचा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवल्यानंतर या दोन देशांच्या बातमीदारांना एकत्र आणायचं तर तिसरा देश किंवा ऑनलाइन पडदा एवढेच पर्याय उरतात. तरीही, वाद पेटलेल्या दिवशी पलीकडचा एक विश्वासू पत्रकार फोन उचलतो, याची किंमत दहा व्याख्यानांहून जास्त आहे.

मग कोणतं?

विषय नवा असेल तर आधी ऑनलाइन, मग बातमीची अट असलेली कार्यशाळा. बीट आधीपासून असेल तर थेट फेलोशिप. सामायिक नदीवर वर्षानुवर्षं लिहायचंच ठरवलं असेल तर दोन्ही काठांचा उपक्रम, मग त्यासाठी वाट बघावी लागली तरी चालेल. आणि संपादकहो, एकाच माणसाला पाठवण्याची सोय असेल तर डेस्कवरच्या उपसंपादकाचाही विचार करा. बातमीतला ‘पर्यंत’ बहुतेक वेळा तिथेच गळतो.

अर्ज भरण्याआधी आयोजकांना एक गोष्ट लेखी विचारा: पैसा कुणाचा, आणि छापण्याआधी मजकूर कुणी बघणार आहे का? धरण बांधणारी कंपनी किंवा खोऱ्यातल्याच एखाद्या देशाचा दूतावास खर्च करत असेल आणि मजकूर आधी बघायची अट असेल, तर तिथे जाऊ नका, विमानाचं तिकीट आलं असलं तरी.