कुलूप भारी, कोयंडा हलका: बंद घरासाठी बोहरी आळी आणि तपकीर गल्लीतून काय घ्यावं

सुट्टीला घर बंद करून जायचं ठरलं की पहिली खरेदी होते ती नव्या कुलपाची. पण घरफोडीच्या बातम्या नीट वाचल्या तर 'कडी-कोयंडा उचकटून' हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. कुलूप जागेवर शाबूत लटकत असतं आणि कोयंडा स्क्रूसकट बाहेर आलेला असतो. म्हणून इथे कुलपापासून कॅमेऱ्यापर्यंतच्या वस्तूंकडे एकाच नजरेने पाहिलं आहे: कटावणी लावली तर यातलं आधी काय सुटेल?

पुण्यात हार्डवेअरसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आणि इलेक्ट्रिकच्या वस्तूंसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत. गाडी नेऊ नका. मंडई मेट्रो स्टेशनवरून दोन्हीकडे चालत जाता येतं. दाराची जाडी, चौकटीची रुंदी आणि सध्याच्या कडीचा फोटो सोबत ठेवा. मापं हातात असली की दुकानदारही नेमकी वस्तू काढून देतो.

आधी कुलूप. गोदरेजचं सात लीव्हरचं नवताल किंवा त्या तोडीचं अलीगढचं चांगलं पितळी कुलूप घरासाठी पुरेसं आहे. लीव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्या, जास्त असल्या की दुसऱ्या किल्लीने किंवा तारेने कुलूप उघडणं अवघड होतं. कटावणी किंवा बोल्ट कटर आला तर मात्र लीव्हरच्या संख्येचा काही उपयोग नाही. तिथे कामाला येते ती कुलपाच्या कडीची जाडी. ती ८ ते १० मिमी हवी आणि पोलाद कडक केलेलं हवं. कडी आणि कोयंड्याचं भोक यांत मोकळी जागा जितकी कमी, तितका सळई घालून पिळायला वाव कमी. आठ लीव्हरसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे पुढच्या वस्तूवर घाला.

ती वस्तू म्हणजे अल्ड्रॉप, सरकत्या सळईची आणि कुलूप अडकवता येणारी दाराची मोठी कडी. बहुतेक जुन्या फ्लॅटच्या मुख्य दाराला बाहेरून तोच असतो. पातळ पत्र्याचा आणि मुलामा दिलेला घेऊ नका. १२ इंची, १६ मिमी सळईचा, ३ मिमी जाड पट्टीचा स्टेनलेस स्टीलचा अल्ड्रॉप मागा. पाकिटातले अर्ध्या-पाऊण इंची स्क्रू बाजूला ठेवून द्या. फ्लश डोअरच्या आतलं लाकूड मऊ असतं. त्यात असे चार स्क्रू एका हिसक्यात निघतात.

त्यांच्याऐवजी दाराच्या आरपार जाणारे कॅरेज बोल्ट बसवून घ्या. दार ३२ ते ३५ मिमी जाड असेल तर ६ मिमी जाडीचा, ५० मिमी लांबीचा बोल्ट बरोबर बसतो. गोल गुळगुळीत डोकं बाहेर राहतं, त्यामुळे पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावायला जागाच उरत नाही. आतल्या बाजूला किमान २५ मिमी व्यासाचा मोठा वॉशर आणि त्यावर नायलॉक नट (आत नायलॉन असल्याने सहज सैल न होणारा) घाला. छोटा वॉशर घातला तर जोर आल्यावर तो मऊ लाकडात रुततो आणि बोल्ट सैल पडतो. सुतार हमखास चुकतात ते पट्टीच्या भोकात. कॅरेज बोल्टची मान चौकोनी असते आणि पट्टीचं भोक गोल, वरून खोलगट. त्यात मान अडकत नाही, नट आवळताना बोल्ट जागेवरच फिरत राहतो आणि शेवटी अर्धवट आवळून सोडला जातो. भोक कानशीने चौकोनी करून घ्या. एका भोकाला पाच मिनिटंही लागत नाहीत. ड्रिल मारताना मागून लाकडाचा ठोकळा धरला की आतला लॅमिनेट फुटत नाही. चार बोल्ट, नट आणि वॉशर मिळून खर्च शंभर रुपयांच्या आतबाहेर. दाराच्या सुरक्षिततेत इतक्या थोड्या पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही.

चौकटीची बाजूही तितकीच महत्त्वाची. अल्ड्रॉपची सळई चौकटीच्या लाकडात निदान एक इंच आत शिरली पाहिजे. नुसत्या पत्र्याच्या कड्यात अडकवलेली सळई ही खोटी सोय आहे.

लटकत्या कुलपाची एक अडचण राहतेच: घरात कुणी नाही हे ते जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं. म्हणून आमची पहिली पसंती दारात बसणाऱ्या तीन बोल्टच्या रिम लॉकला, म्हणजे ट्रायबोल्टला. दार आतून लावलंय की बाहेरून, हे जिन्यात उभं राहून कळत नाही. मात्र नुसतं दार ओढून निघून जाऊ नका. साध्या नाइट लॅचमध्ये अशा वेळी फक्त स्प्रिंगची जीभ अडकलेली असते आणि ती प्लॅस्टिकच्या पट्टीनेही मागे सरकू शकते. किल्ली पूर्ण फिरवा, म्हणजे बोल्ट बाहेर येऊन अडकतील. बोल्ट ज्यात शिरतात त्या चौकटीवरच्या स्ट्राइक प्लेटलाही छोटे स्क्रू असतात. ते काढून अडीच इंची लावा. आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण लावा, म्हणजे लाकूड चिरत नाही.

सेफ्टी डोअर बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्या तपासा. त्यांच्या पिना बाहेर दिसत असतील तर कुलपाला हात न लावताही दार निघू शकतं. फॅब्रिकेटरकडून पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टाका मारून घ्या.

खिडक्यांपैकी स्लायडिंगच्या रुळात आतून लाकडी दांडकं बसवा आणि शटर वर उचलून काढता येऊ नये म्हणून वरच्या रुळात एक स्क्रू बसवा. बाथरूमच्या लूव्हर काचा डक्टमधून एकेक करून ओढून काढता येतात, तिथे लोखंडी ग्रिलच हवं. ड्राय बाल्कनीच्या दाराला आतून वर आणि खाली अशा दोन कड्या लावा.

आता तपकीर गल्ली. घरातला वायफाय कॅमेरा चोर थांबवत नाही, तो तुम्हाला वेळेत कळवतो. याच अपेक्षेने घ्या. असे बहुतेक कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाने असतील तर जोडणी अडू शकते, तेव्हा २.४ला वेगळं नाव द्या. कॅमेरा आतून मुख्य दाराकडे रोखा. काचेमागून बाहेर रोखला तर रात्री त्याचाच इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून परत येतो आणि चित्र पांढरं पडतं. मेमरी कार्ड घालाच, कारण इंटरनेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी अडचण होते.

वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की कॅमेऱ्याचा निरोप तुमच्यापर्यंत येत नाही. त्यासाठी मिनी यूपीएस, म्हणजे राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, मिळतो. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नव्हे. म्हणजे हातात येतात सुमारे ३७ वॉट-तास. राउटर आणि कॅमेरा मिळून १० वॉट घेत असतील तर घट धरून तीन तास. छोट्या खंडासाठी हे पुरतं, दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहिली तर नाही. कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर ५ व्होल्टचा आहे की ९ व्होल्टचा, हे पाहूनच यूपीएसची पिन निवडा. चुकीच्या पिनेत कॅमेरा जळू शकतो.

संध्याकाळी दिवा लावणारा टायमर घ्यायचा तर डिजिटल, बॅटरी असलेला घ्या. गोल चकतीचा मेकॅनिकल टायमर वीज गेल्यावर थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. आठवड्याभरात दिवा भलत्याच वेळी लागायला लागतो.

काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. पेपर आणि दूध निघायच्या आदल्या दिवसापासून बंद करा. दाराशी साठलेले पेपर लटकत्या कुलपाइतकेच बोलके असतात. किल्ली चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या खोक्यात ठेवू नका, शेजारच्या काकूंच्या हातात द्या. सोसायटीच्या ग्रुपवर तारखा टाकण्यापेक्षा त्यांना आणि वॉचमनला तोंडी सांगा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये न्या. गॅसचा व्हॉल्व्ह आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करा.

घराचा विमा असेल तर निघण्याआधी पॉलिसी उघडून बघा. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली 'भारत गृह रक्षा' ही मुळात आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींसाठीची आहे. तिच्यात चोरी धरली जाते ती अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेलीच. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर ते चालेल, याची अट त्यात असू शकते. तो आकडा शोधून सुट्टीच्या दिवसांशी ताडून पाहा.

परत आल्यावर कोयंडा उचकटलेला दिसला तर आत पाऊल टाकू नका आणि दाराला हात लावू नका. जिन्यातूनच ११२ला फोन करा. आत अजून कुणी असू शकतं आणि ठसे दारावरच असतात.