घरच्या नाहीतर ऑफिसच्या नेटवर्कमधल्या मशीनच्या नावांना शेपूट ("प्रिंटर डॉट लॅन" मधलं "डॉट लॅन") कुठलं लावायचं: डॉट लोकल, डॉट लॅन, डॉट इंटर्नल की स्वतःचं डोमेन?

डॉट लोकल आधी बाद करूया. दिसायला साधं-सरळ, पण २०१३ पासून ते एमडीएनएससाठी राखीव आहे, म्हणजे प्रिंटर वगैरे एकमेकांना सर्व्हरशिवाय शोधतात ना, त्यासाठी. मी तेच नाव स्वतःच्या डीएनएस सर्व्हरवर (नावावरून पत्ता सांगणाऱ्या मशीनवर) चढवलं होतं आणि मग लिनक्सवर डिग (नावाचा पत्ता विचारणारी कमांड) केलं की पत्ता बरोब्बर यायचा, पिंग (मशीन उत्तर देतं का बघणारी कमांड) केलं की "नाव माहीत नाही". एक अख्खी संध्याकाळ केबल बदलण्यात गेली! डिग थेट सर्व्हरला विचारतो, पिंग सिस्टीमला विचारतो आणि सिस्टीम डॉट लोकल दिसलं की एमडीएनएसकडे वळून तिथेच थांबते, एवढंच होतं ते.

डॉट लॅन, डॉट होम, डॉट कॉर्प ही लोकांनी आपापली धरलेली नावं. होम, कॉर्प आणि मेल ही तीन कुणालाही द्यायची नाहीत असं इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०१८ मध्ये बेमुदत ठरवलं, लॅनला तेवढाही आधार नाही. आज चालतंय म्हणून ठीक, पण डॉट डेव्हचं आठवतंय ना? लोक लोकल टेस्टिंगला बिनधास्त वापरायचे, ते गूगलकडे गेलं आणि २०१७ च्या शेवटी क्रोमने त्याच्यावर एचटीटीपीएस (सर्टिफिकेट लागणारं सुरक्षित कनेक्शन) सक्तीचं केलं, सगळ्यांचे सेटअप एका अपडेटमध्ये झोपले.

खरी निवड उरते तिघांत. डॉट इंटर्नल आयकॅनने जुलै २०२४ मध्ये खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं, म्हणजे ते कुणाला विकलं जाणार नाही. होम डॉट आर्पा २०१८ पासून खास घरच्या नेटवर्कसाठी आहे. टाइप करायला कंटाळवाणं, नाव बघून घरचे विचारतात हे काय, पण एक गोष्ट त्यात नीट केलीय: डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरावरची डिजिटल सही) तपासणारं मशीन त्यावर अडत नाही. इंटर्नलचं तसं नाही, रूटकडून (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरकडून) सहीनिशी उत्तर येतं की असं नावच नाही, मग अनबाउंडसारख्या रिझॉल्व्हरमध्ये (आपल्यासाठी पत्ते शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तेवढ्या नावाला सही तपासण्यातून सूट द्यावी लागते. एक ओळ आहे, पण माहीत नसली तर डोकं खाते.

आणि इंटर्नल काय, होम डॉट आर्पा काय, दोघांनाही पब्लिक सर्टिफिकेट (ब्राउझर आपोआप मानतो तो ओळखीचा दाखला) मिळत नाही. स्वतःचं सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) बनवा, प्रत्येक लॅपटॉप-फोनमध्ये ते टाका... दोन मशीनला ठीक, चाळीसला नको.

म्हणून ऑफिस असेल तर माझं मत सरळ आहे, विकत घेतलेल्या डोमेनचं सबडोमेन वापरा. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं सर्टिफिकेट डीएनएस चॅलेंजने (डोमेनच्या डीएनएसमध्ये एक नोंद टाकून ते आपलंच आहे हे दाखवून) मिळतं, त्यासाठी सर्व्हर बाहेर उघडा ठेवावा लागत नाही. फक्त सर्टिफिकेटमधली नावं पब्लिक लॉगमध्ये दिसतात, तर वाइल्डकार्ड (सबडोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं एकच सर्टिफिकेट) घ्या. उद्या दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क जोडलं तरी नावं भिडणार नाहीत, दोघांकडे डॉट इंटर्नल असेल तर भिडलीच समजा. वर्षाचं रिन्यूअल तेवढं विसरू नका.

घरी एकटेच असाल, डोमेनचे पैसे घालायचे नसतील, तर इंटर्नल घ्या. मी घरी तेच ठेवलंय.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसमधली विंडोज मशीन आणि लॉगिन एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) लावणार असाल तर मात्र पहिलं मशीन जोडायच्या आधी ठरवा, नंतर डोमेनचं नाव बदलणं फार किचकट, आणि त्यात एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तर तो रस्ताच बंद.