थेरपीची सत्रं की घरचा कुत्रा?

घरात पंचविशीतला ऑटिस्टिक मुलगा असला की नांदेड-परभणीकडच्या पालकांना हा पेच पडतोच: शिकवलेल्या कुत्र्यासोबतची थेरपीची सत्रं घ्यायची, की घरीच कुत्रा पाळायचा? ऑटिझम कुत्र्याने ‘बरा’ होत नाही, तेवढं जाहिरातीतलं सोडून द्या.

खर्च सत्रांचा जास्त वाटतो, त्यात मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास. पण घरचा कुत्रा दहा-बारा वर्षांचा: रोजचं खाणं, रेबीजची लस, जंतनाशक, गोचिडांचं औषध. गोचीडतापाकडे दुर्लक्ष झालं तर कुत्रा हातचा जातो. 25 किलोच्या कुत्र्याला प्यायलाच दिवसाला साधारण दीड लिटर पाणी, उन्हाळ्यात जास्त. टँकरवरच्या घराने हे आधी धरावं.

खरा फरक आवाजाचा. सत्रात हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळणारा माणूस, असतो; त्रास दिसला की कुत्रा लगेच बाजूला घेतो. घरी रात्री दोनला सुरू झालेलं भुंकणं कोण थांबवणार? ओळख टप्प्याने करावी: आधी लांबून बघणं, मग पाठीवर ब्रश, मग पट्टा हातात. पिल्लू थेट मांडीवर देऊ नका, दात येताना ते चावतं.

मे महिन्यात डांबरावर पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर फिरवू नका. फिरण्याची वेळ पहाटेची होणार, हे मुलाला दिवसाची कामं दाखवणाऱ्या चित्रांच्या तक्त्यावर आठवडाभर आधी दाखवा. अचानक बदल झाला तर चिडचिड ठरलेली.

भुंकण्याचा त्रास किंवा कुत्र्याची भीती असेल, तर सत्रंच. रोजची ठरलेली कामं आवडत असतील आणि घरात जबाबदारी घेणारं दुसरं माणूस असेल, तर कुत्रा आणा. लॅब्राडॉरच हवा असं नाही. शांत, वयाने मोठा गावठी कुत्रा इथलं ऊन बरं सोसतो.