‘स्टूल म्हणजे बसायचे आसन’: नर्सिंग सीईटीच्या नावाखाली झालेली फसवणूक

बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पेपर १०० मार्कांचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकाला २०. वेळ दीड तास. राज्याच्या सीईटी सेलच्या माहितीपत्रकात हे कुणालाही फुकट वाचायला मिळतं. तरी ‘५००० मेडिकल शब्द पाठ नसतील तर पेपर सुटणारच नाही’ असं सांगून पैसे काढणारे लोक दर वर्षी उगवतात. आमच्या मावशीच्या घरातून त्यांनी साडेसहा हजार नेले. पैशांपेक्षा मोठं नुकसान पुढे व्हायचं होतं.

मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. मावसबहीण हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स. बायोलॉजीत हुशार, पण इंग्रजीचा पॅसेज पाहिला की हातपाय गार. नेमक्या अशाच मुलींना इन्स्टावर ती रील दिसते. पांढरा एप्रन घातलेला एक ‘सर’, मागे फळ्यावर इंग्रजी शब्द, आणि खाली ‘गेल्या वर्षी ८० टक्के शब्द आमच्या लिस्टमधून’. या ८० टक्क्यांचा हिशेब कुणी कुठे दाखवलेला नव्हता. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक फुकट डेमो लेक्चर, आणि रात्री त्यांच्याच एका मॅडमचा मावशीला फोन: ‘ताई, दोनच सीट राहिल्यात. आज भरले तर साडेसहा, उद्या दहा.’ मावशीने सोयाबीन विकून ठेवलेले पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर गेले. पावती मागितली तर ‘स्क्रीनशॉट हीच पावती’.

दिवाळीत तिच्याकडे गेले तेव्हा ती लिस्ट पाहिली. झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलेली, प्रत्येक पानावर आडवा वॉटरमार्क. चाळायला घेतली आणि आधी हसूच आलं. ‘स्टूल – बसायचे आसन.’ ‘कल्चर – संस्कृती.’ ‘टिश्यू – कागदी रुमाल.’ ‘लेबर – मजूर.’ ‘व्हेसल – भांडे, जहाज.’ दवाखान्यात स्टूल म्हणजे शौच, कल्चर म्हणजे जंतू वाढवून केलेली तपासणी, टिश्यू म्हणजे ऊती, लेबर म्हणजे बाळंतपणाच्या कळा, व्हेसल म्हणजे रक्तवाहिनी. कुणीतरी शब्दांची यादी ट्रान्सलेटरमध्ये टाकली होती आणि जे बाहेर आलं ते छापलं होतं. वॉर्डात ‘स्टूल कल्चर पाठवा’ असं सांगितलं आणि या लिस्टवर शिकलेली मुलगी असेल तर ती काय पाठवेल, देव जाणे.

पुढची पानं बघितल्यावर मात्र हसू गेलं. हायपोग्लायसेमिया म्हणजे ‘रक्तातील साखर वाढणे’ असं छापलं होतं. हे अगदी उलट आहे. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. गॅस्ट्रेक्टॉमीसमोर ‘पोटाला छिद्र पाडणे’. ‘एक्टॉमी’ आली की तो अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकलेला असतो. अवयवाला नवं तोंड करून वाट काढायची ती ‘ऑस्टॉमी’, आणि नुसता छेद घ्यायचा ती ‘ऑटॉमी’. इलियम नावाचे दोन शब्द आहेत, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड. लिस्टमध्ये दोन्हीला ‘आतडे’. ती बिचारी हे सगळं हिरव्या पेनाने वहीत उतरवून पाठ करत होती.

खरं तर हे शब्द एकेक पाठ करायचेच नसतात. नेफ्रो मूत्रपिंडाचं, हेपॅट यकृताचं, कार्डिओ हृदयाचं, ऑस्टिओ हाडांचं. ‘आयटिस’ लागलं की दाह, ‘युरिया’ लागलं की लघवीशी संबंध, ‘टॅकी’ वेगवान, ‘ब्रॅडी’ संथ. असे पन्नासेक तुकडे कळले की न पाहिलेला शब्दसुद्धा फोडता येतो. आम्हाला फर्स्ट इयरला असंच शिकवलं होतं. प्रवेश परीक्षेला लागणारे बरेचसे तुकडे अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या पुस्तकातच भेटतात. इंग्रजीच्या २० मार्कांसाठी बारावीचं व्याकरण, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि रोज एक उतारा वाचणं, एवढं पुरे.

लिस्ट भिकार निघाली, पैसे बुडाले, असं मी धरून चालले होते. खरा धंदा कळला तो निकालानंतर.

कोर्समध्ये ‘फॉर्म फिलिंग फ्री’ होतं. सीईटीचं रजिस्ट्रेशन त्यांनीच केलं. ईमेल त्यांनी नवा काढला, मोबाइल नंबरही त्यांचाच टाकला. ‘गावात नेटवर्क नसतं, ओटीपी चुकतो’ हे कारण. पासवर्ड तिला सांगितलाच नाही. परीक्षा झाली, मार्क बरे पडले. कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीचा, कॉलेजांची पसंती द्यायचा ऑप्शन फॉर्म कधी भरला गेला, याचा घरात कुणाला पत्ता नाही. पहिल्या यादीत तिचं नाव लागलं ते लांबच्या जिल्ह्यातल्या एका खासगी कॉलेजात. सरकारी कॉलेज ऑप्शनमध्ये एकही नव्हतं. त्याच दिवशी कॉलेजातून फोन: ओरिजिनल कागदपत्रं घेऊन या, आणि फीशिवाय ‘डेव्हलपमेंट’चे वेगळे, रोख. कॉलेज कुणी भरलं हे विचारायला मावशीने ‘सरां’ना फोन लावला, तर ते म्हणाले, ‘मॅडम, नशीब समजा सीट मिळाली. ओरिजिनल आधी आमच्याकडे कुरिअर करा, आम्ही जमा करतो.’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शब्दांचा कोर्स हा नुसता गळाला लावलेला गांडूळ. त्यांना हवं होतं मुलीचं लॉगिन. सीट भरून दिली की एजंटला मुलीमागे कमिशन सुटतं. आणि ओरिजिनल एकदा हातात आली की ती परत मिळवायला ‘कॅन्सलेशन चार्जेस’च्या नावाखाली पैसे उकळता येतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका सिस्टरच्या भाचीचा टीसी असाच अडकला होता.

ओरिजिनल आम्ही पाठवली नाहीत, हे एक बरं झालं. आधार आणि बारावीच्या मार्कशीटची प्रत जोडून सीईटी सेलला अर्ज केला, मोबाइल आणि ईमेल बदलून घेतला, पुढच्या राउंडचे ऑप्शन तिने स्वतः माझ्यासमोर बसून भरले. कॉलेज टाकताना एकेक नाव इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यता यादीत आहे का, ते बघितलं. ज्या आरोग्य विद्यापीठाची डिग्री मिळायची, त्या नाशिकच्या विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे का, तेही. सरकारी मिळालं नाही, पण परभणीच्या बाजूला बरं कॉलेज मिळालं. रोख ‘डेव्हलपमेंट’ मागितलं नाही.

पैशांसाठी १९३० वर सायबर तक्रार केली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. अजून रुपया आलेला नाही. यूपीआयचं नाव, ‘८० टक्के’वाल्या रीलचा स्क्रीनशॉट आणि फोनचं रेकॉर्डिंग ठेवलं होतं म्हणून तक्रार तरी घेतली. केंद्राच्या २०२४ च्या कोचिंग नियमावलीत खोट्या दाव्यांना मनाई आहे आणि कोर्स अर्ध्यावर सोडला तर उरलेल्या दिवसांची फी १० दिवसांत परत द्यायची असं लिहिलंय. त्याची प्रत ‘सरां’ना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, तर नंबर ब्लॉक.

परवा तीच रील वेगळ्या नावाने परत फिरताना दिसली. एप्रन तोच, फळाही तोच, फक्त लिस्ट आता ७००० शब्दांची झालीय आणि ‘फॉर्म फिलिंग फ्री’ मोठ्या अक्षरात आहे. तुमच्या घरात कुणी तो फॉर्म त्यांच्याकडून आधीच भरून घेतला असेल, तर आजच लॉगिन करून बघा, त्यात नंबर कुणाचा आहे.