बोटॉक्स की फिलर: मनावर काय परिणाम होतो?

कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स (स्नायू काही काळ सैल करणारं इंजेक्शन) घ्यावं की गालांसाठी फिलर (त्वचेखाली भर घालणारं इंजेक्शन), असं एका मैत्रिणीने विचारलं. त्वचेचं डॉक्टर सांगतीलच, मी मनाच्या बाजूने तुलना करते.

परिणाम दिसण्याची वाट: बोटॉक्सचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, पूर्ण दिसायला साधारण 2 आठवडे. उतावीळ माणसाला हा काळ जड जातो. फिलर लगेच दिसतो, पण सुरुवातीची सूज आणि काळेनिळे डाग पाहून घाबरायला होतं.

पश्चात्ताप झाला तर: बोटॉक्स उतरवता येत नाही, 3-4 महिने थांबावंच लागतं. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर मात्र हायल्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचून विरघळवता येतो. धास्तावणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे.

मूड: भुवयांमधल्या स्नायूंत बोटॉक्स दिल्यावर काहींचं नैराश्य कमी झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलं. पण चेहऱ्यावर बोटॉक्स घेतलेल्याला आपण घेतलंय हे कळतंच, त्यामुळे अपेक्षेचा वाटा वेगळा काढणं कठीण. नैराश्याचे उपचार सोडून याच्या मागे लागू नये. फिलरने गाल किंवा ओठांचा आकारच बदलतो, म्हणून आरशातला चेहरा काही काळ परका वाटू शकतो.

सतत रागीट किंवा थकलेलं दिसण्याचा त्रास होत असेल, तर बोटॉक्स. भरीवपणा हवा आणि परतीचा मार्गही हवा, तर विरघळवता येणारा फिलर. बारीकशा दोषाचा विचार दिवसभर पिच्छा सोडत नसेल, तर दोन्ही थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरमध्ये (दिसण्यातल्या दोषाचा अतिरेकी ध्यास लागण्याचा मानसिक आजार) इंजेक्शनने समाधान क्वचितच मिळतं.